धुणं कोणाचं? वॉशिंग मशीन घेण्याआधी वाचलेला इतिहास



अमेरिकेतलं वॉशिंग मशीन वर्षानुवर्षं वरून उघडत आलं आणि युरोपातलं समोरून. असं का, हा प्रश्न घर घेईपर्यंत मला कधी पडला नव्हता. ऑस्टिनजवळच्या आमच्या नव्या घरात बिल्डरने लाँड्री रूममध्ये दोन नळ, एक ड्रेन, ड्रायरसाठी २४० व्होल्टचं सॉकेट आणि भिंतीत व्हेंटचं भोक एवढंच ठेवलं होतं. मशीन आम्ही आणायचं. रेटिंग्ज वाचून झाली, दुकानं फिरून झाली, ओळखीच्या चार घरांतून चार उलटसुलट मतं ऐकून झाली. मग म्हटलं, ही यंत्रं अशी का झाली तेच आधी पाहू. वाचता वाचता लक्षात आलं, की हा इतिहास मोटर आणि ड्रमचा कमी आहे, "धुणं कोणी धुवायचं?" ह्या एका प्रश्नाचाच जास्त आहे. मशीन निवडताना मला त्याचा फार उपयोग झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सोमवारचं धुणं

वीज येण्याआधी अमेरिकन घरात सोमवार हा धुण्याचा वार असे आणि मंगळवार इस्त्रीचा. एका कामाला एक अख्खा दिवस! आमच्या ऑस्टिनच्या पश्चिमेला लगेच हिल कंट्री सुरू होतो. लिंडन जॉन्सन ह्याच भागातले. रॉबर्ट कॅरोने लिहिलेल्या त्यांच्या चरित्राच्या पहिल्या खंडात (१९८२) इथल्या बायकांच्या कामावर एक संपूर्ण प्रकरण आहे. राजकारणाच्या पुस्तकात धुण्याभांड्यावर प्रकरण! पण ते वाचल्याशिवाय जॉन्सन कळत नाहीत. विहिरीतून किंवा ओढ्यावरून पाणी शेंदून आणायचं, चुलीवर तापवायचं, एका टबात वॉशबोर्डवर घासायचं, मग काहिलीत उकळायचं, काठीने ढवळायचं, खळबळायचं, नीळ घालायची, पिळायचं. पाच माणसांच्या शेतकरी कुटुंबाला दिवसाला सरासरी २०० गॅलन पाणी लागतं असा हिशोब कॅरोने दिला आहे. हे पाणी बहुतेक बायकाच वाहत होत्या.

जॉन्सन सिटीच्या पुढे स्टोनवॉलला सॉअर-बेकमन फार्म आहे. शंभरेक वर्षांपूर्वीचं जर्मन-टेक्सन शेतकऱ्याचं घर तिथे जसंच्या तसं चालवून दाखवतात. आई आमच्याकडे आली होती तेव्हा तिला तिथे नेलं होतं. लोखंडी काहील, वॉशबोर्ड, ढवळायची काठी हे सगळं तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, म्हणजे तुमच्या अमेरिकेतसुद्धा बायका हेच करत होत्या होय!" मला ते पुरातन वस्तुसंग्रहालय वाटत होतं, तिला ते तिच्या आजोळचं परस वाटलं.

१९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतकरी घरांपैकी नऊ घरांत वीज नव्हती. शहरात दिवे लखलखत होते आणि तीस-चाळीस मैलांवर कंदील. जॉन्सन १९३७ मध्ये काँग्रेसवर निवडून आले आणि सरकारी कर्ज मिळवून त्यांनी हिल कंट्रीत वीज आणवली. १९३९ मध्ये तिथल्या घरांत दिवे लागले. पुढे हेच जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्या कायद्यामुळेच भारतातले डॉक्टर-इंजिनियर इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. म्हणजे हिल कंट्रीतली वीज आणि अमेरिकेतले आपण, दोन्हीमागे माणूस एकच :-)

धुणं दुसऱ्याच्या डोक्यावर

ज्यांना परवडत होतं त्यांनी धुण्याचं काम सगळ्यात आधी घराबाहेर काढलं. स्वयंपाकाला बाई नसली तरी धुण्याला असे. दक्षिणेत ते काम कृष्णवर्णीय बायकांकडे होतं. जुलै १८८१ मध्ये अटलांटातल्या अशा वीसेक धोबिणी एकत्र आल्या, त्यांनी "वॉशिंग सोसायटी" काढली आणि बारा पौंडांना एक डॉलर असा दर मागून संप पुकारला. तीन आठवड्यांत सुमारे तीन हजार बायका त्यात आल्या. गुलामगिरी संपून जेमतेम सोळा वर्षं झाली होती. त्यांना अटक झाली, दंड झाले, शहराने लायसन्स फी बसवायची धमकी दिली. त्यांनी कळवलं की हवं तर फी भरू, पण दर आम्ही ठरवणार.

पश्चिमेला हेच काम चिनी लोकांकडे गेलं. खाणीतून आणि रेल्वेतून बाहेर काढलेल्या चिनी माणसाला थोड्या भांडवलात करता येईल असा तो धंदा होता. सॅन फ्रान्सिस्कोने १८८० मध्ये नियम काढला, की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी हवी. कारण आगीची भीती. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्रयांपैकी ३१० लाकडी इमारतींत होत्या आणि २४० चिनी लोकांच्या. परवानग्या कोणाला मिळाल्या असतील? जवळपास २०० चिनी अर्ज फेटाळले गेले. बाकीच्या ऐंशीएक लोकांना, एक अपवाद सोडून, सगळ्यांना मिळाल्या. यिक वो नावाच्या लाँड्रीच्या मालकाने दहा डॉलर दंड भरायचं नाकारलं, तुरुंगात गेला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत लढला.

१८८६चा तो वसंत आपल्याही इतिहासातला. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. दोन महिन्यांनी, १० मेला, यिक वो खटल्याचा निकाल लागला. कोर्टाने म्हटलं, कायदा कागदावर सगळ्यांना सारखा असला तरी राबवताना भेदभाव होत असेल तर तो घटनाबाह्य आहे; आणि चौदाव्या घटनादुरुस्तीचं संरक्षण "कोणत्याही व्यक्तीला" आहे, फक्त नागरिकांना नाही. एच-१बीवर असलेल्या कोणीही हे वाक्य दोनदा वाचावं. ते एका धोब्याने मिळवून दिलेलं आहे.

आपल्याकडे काय होतं? गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी एक परीट. कडक इस्त्रीच्या स्वच्छ कपड्यांना आपण अजूनही "परीटघडीचे" म्हणतो. भाषेत मान आहे, पण गावात तो नव्हता. शिवाय एक गंमत पाहा. परटाकडून धुऊन आलेला कपडा बाहेर मिरवायला चालायचा, पण पूजेच्या सोवळ्याला चालायचा नाही. सोवळं घरातल्याच बाईने धुवायचं, उंच दांडीवर काठीने वाळत घालायचं आणि कोणाचा हात लागू द्यायचा नाही. म्हणजे सगळ्या गावाची घाण जो काढतो त्याचाच स्पर्श अपवित्र, आणि घरातल्या बाईची मात्र त्या कामातून कधीच सुटका नाही. अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये अशाच एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले आणि गाडगे महाराज झाले. हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडणाऱ्या त्या माणसाने स्वच्छता हे खालच्या माणसाचं काम आहे ही कल्पनाच उलटी केली.

मशीन वरून का उघडतं?

आता यंत्राकडे येऊ. शिकागोच्या हर्ले कंपनीच्या "थॉर" मशीनसाठी अल्वा फिशरला १९१० मध्ये पेटंट मिळालं. विजेच्या मशीनचा शोध त्यानेच लावला असं सर्रास लिहिलेलं आढळतं, पण त्याआधीही विजेवर चालणारी मशीन होती. खरी मोठी उडी आयोवातल्या न्यूटन गावात मारली गेली. तिथली मेटॅग कंपनी १८९३ मध्ये शेतीची अवजारं करायला निघाली होती. अवजारं विकली जातात हंगामात. उरलेले महिने कारखान्याला काम हवं, म्हणून १९०७ मध्ये त्यांनी वॉशिंग मशीन काढलं. ज्या शेतात वीज नव्हती तिथे चालावं म्हणून पेट्रोल इंजिनवर चालणारंही काढलं. १९२२ मध्ये त्यांनी टबाच्या तळाशी पंख असलेला दांडा बसवला. तोच अ‍ॅजिटेटर. आधीची मशीन कपडे पाण्यातून ओढत होती, हे पाणीच कपड्यांतून घुसळून काढू लागलं. ताक घुसळणाऱ्या रवीसारखं म्हणा. अमेरिकन टॉप लोडरचा हा मूळपुरुष.

पण पहिलं घरगुती पूर्ण ऑटोमॅटिक मशीन समोरून उघडणारं होतं! १९३७चं बेंडिक्स. पाणी भरणं, धुणं, खळबळणं, पिळणं, सगळं आपोआप. त्यात एकच मोठी अडचण होती. पिळताना ते एवढं हादरायचं की जमिनीत बोल्टने पक्कं करावं लागायचं. भाड्याच्या घरात कोण करणार हे? मग महायुद्ध आलं आणि १९४२ मध्ये घरगुती मशीनचं उत्पादनच थांबलं. युद्धानंतर १९४७च्या सुमारास व्हर्लपूल आणि जनरल इलेक्ट्रिकची वरून उघडणारी ऑटोमॅटिक मशीन आली. बोल्ट नकोत, वाकायला नको, मध्येच राहिलेला मोजा टाकता येतो, किंमत कमी. पाणी भरपूर लागायचं, पण उपनगरातल्या नव्या घरात पाणी स्वस्त होतं आणि तळघरात गरम पाण्याची मोठी टाकी होती. टॉप लोडर जिंकला.

विजेचाही ह्यात वाटा आहे. अमेरिकन साधं सॉकेट १२० व्होल्ट, १५ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॉट. एवढ्यात मोटर चालवून शिवाय टबभर पाणी तापवायचं तर तासन् तास लागतील. म्हणून इथलं मशीन टाकीतलं आयतं गरम पाणी घेतं. युरोपात २३० व्होल्ट, घरं लहान, वीज-पाणी महाग. तिथे मशीनमध्येच हीटर टाकला, पाणी कमी घेतलं आणि मशीन स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली सरकवलं. ओट्याखाली ठेवायचं म्हटल्यावर ते समोरूनच उघडणार!

जर्मनीतल्या हेन्केल कंपनीच्या हर्बर्ट सिनरने १९५९ मध्ये ह्याचं एक साधं गणित मांडलं. स्वच्छ करायला चार गोष्टी लागतात: साबण, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. अ‍ॅजिटेटर घासणं वाढवतो म्हणून अर्ध्या-पाऊण तासात मोकळा होतो, पण कपडे लवकर झिजतात. फ्रंट लोडर कपडे हळुवार आपटतो, म्हणून त्याला दीड तास लागतो. "नव्या मशीनला एवढा वेळ का लागतो?" ह्या तक्रारीचं उत्तर सिनरच्या वर्तुळात आहे.

बाहेर गेलेलं काम घरात परत आलं

आता मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा भाग. रूथ श्वार्ट्झ कोवन ह्या इतिहासकार बाईंचं "मोअर वर्क फॉर मदर" नावाचं १९८३चं पुस्तक आहे. त्यांनी दाखवून दिलं की १९२०च्या दशकात शहरातल्या मध्यमवर्गीय घरांतलं धुणं मोठ्या वाफेच्या लाँड्रयांकडे जायला लागलं होतं. पाव जसा बेकरीत गेला, कापड जसं गिरणीत गेलं, तसंच धुणंही कायमचं बाहेर गेलं असतं. घरगुती मशीनने ते परत घरात आणलं. धोबीण गेली, लाँड्रीची गाडी यायची बंद झाली आणि काम एकट्या गृहिणीवर पडलं. आठवड्याला एकदा बदलायचे कपडे रोज बदलायला लागले, चादरी वारंवार निघू लागल्या. एका धुण्याचे कष्ट खूप कमी झाले, पण धुणी वाढली. वेळ तेवढाच.

ह्याच्या अगदी उलट बाजू हान्स रोसलिंग ह्या स्वीडिश डॉक्टरांनी २०१०च्या भाषणात मांडली. ते चार वर्षांचे असताना त्यांच्या घरी मशीन आलं. आईने कपडे मशीनमध्ये टाकले आणि त्यांना घेऊन लायब्ररीत गेली. त्यांच्या मते मशीनने त्यांना पुस्तकं दिली.

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. मशीन वेळ वाचवतं, पण तो वेळ कुठे जाईल हे मशीन ठरवत नाही. जवळ लायब्ररी असावी लागते, तिथे जायची मोकळीक असावी लागते. २४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोतल्या अमेरिकन प्रदर्शनात निक्सन आणि ख्रुश्चेव्ह वॉशिंग मशीनसमोर उभे राहून भांडले, कोणाची राज्यव्यवस्था बायकांचं जिणं सुखाचं करते म्हणून. त्या खोलीत बोलणारे सगळे पुरुष होते :-)

आपल्याकडे मशीन आलं तेव्हा

भारतात आधी पावडर आली, मग मशीन. सर्फ १९५९ मध्ये, निरमा १९६९ मध्ये. मशीन मध्यमवर्गात शिरलं ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यात मराठवाड्याचा मोठा वाटा होता. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनची जाहिरात टीव्हीवर लागली नाही असा दिवस नसे. आयएफबीने जर्मन तंत्रज्ञानाची फ्रंट लोड मशीन गोव्यात बनवायला घेतली. व्हर्लपूलनेही भारतात पाऊल टाकलं, पण इथे अमेरिकन अ‍ॅजिटेटरची गाठ साडीशी पडली. पाच-सहा वार कापड त्या दांड्याभोवती गुंडाळलं जाणार! साड्या अडकू नयेत म्हणून अ‍ॅजिटेटर मुद्दाम वेगळा करावा लागला. जगभर एकच मशीन विकू म्हणणाऱ्यांना साडीने शिकवलेला धडा. नऊवारीचं तर विचारूच नका.

तरी बहुतेक घरांत आलं ते सेमी-ऑटोमॅटिक. इथली मंडळी त्याला हसतात, पण इंजिनियरच्या नजरेने पाहिलं तर ते आपल्या परिस्थितीचं अचूक उत्तर होतं. आमचं घर सोलापूरचं. पाणी एक दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. फुल ऑटोमॅटिकला नळाला सतत पाणी आणि प्रेशर लागतं. सेमीमध्ये बादलीने पाणी ओतता येतं. पहिल्या धुण्याचं साबणाचं पाणी दुसऱ्याला वापरता येतं, शेवटचं संडासात. वीज गेली तर कपडे बाहेर काढून हाताने पिळता येतात. आणि अर्थातच सोलापुरी चादर त्यात मावायची नाही. तिच्यासाठी दगड आणि धुण्याची बाई.

बाई तर होतीच. मशीन आल्यावरही आमच्याकडची बाई गेली नाही. तिच्या वाट्याला फक्त जड कपडे उरले. अटलांटातल्या धोबिणींबद्दल वाचताना मला पुण्याची आठवण झाली. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि भरपगारी रजा मागितली, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. बरोबर ९९ वर्षांचं अंतर, पण मागणी तीच. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. आपल्यापैकी किती जणांच्या बारावीच्या अभ्यासाच्या वेळेमागे त्या बायकांचे हात आहेत, ह्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

क्वार्टरचे दिवस आणि एच-४

मग आपण इथे आलो. पहिल्या अपार्टमेंटमधली लाँड्री रूम आठवते ना? आठवडाभर क्वार्टर साठवायचे, शनिवारी सकाळी लवकर उठून मशीन पकडायचं, आणि आपले कपडे कोणीतरी ओले काढून ठेवलेले दिसले की चडफडायचं. भाड्याने मशीन वापरायच्या दुकानाची सुरुवातही आमच्या टेक्ससचीच. १९३४ मध्ये फोर्ट वर्थला निघालेली "वॉशटेरिया" ही त्यातली पहिली मानली जाते. मंदीत मशीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तासावर वापरायला दिली.

त्या लाँड्री रूममध्ये दुपारच्या वेळी कोण भेटायचं? तिथे आपल्याच मुली असत. पुण्या-मुंबईत नोकरी करून आलेल्या, बी.ई., एम.कॉम., एम.एस्सी. झालेल्या, एच-४ वर असल्यामुळे इथे काम करायला कायद्याने बंदी असलेल्या. मशीन त्यांचा वेळ वाचवत होतं, पण कशासाठी? रोसलिंगच्या आईला लायब्ररी होती. ह्यांच्यासाठी लायब्ररी होती, पण ऑफिसचं दार बंद. काही एच-४ जोडीदारांना कामाची परवानगी मिळाली ती मे २०१५ पासून, तीसुद्धा नवरा किंवा बायकोचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्याला पोचलं असेल तर. माझी बायको ह्याच रांगेतून गेली. परवाना हातात येईपर्यंतच्या तीन वर्षांत घरातलं धुणं तिचं झालं होतं. असं कोणी ठरवलं नव्हतं. ती घरी असायची, एवढंच. पुढे ती नोकरीला लागली, माझ्याइतकेच तास काम करू लागली, आणि धुणं मात्र तिच्याकडेच राहिलं. कोवनबाईंचं पुस्तक वाचायला मला आयोवा किंवा शिकागोला जायची गरज नव्हती.

म्हणून मशीनसाठी मी एक्सेल शीट केलं (इंजिनियर, दुसरं काय करणार) तेव्हा तिने तेरा कॉलम वाचले आणि शांतपणे विचारलं, "कपडे आत कोण टाकणार, बाहेर कोण काढणार, घड्या कोण घालणार, ह्याचा कॉलम कुठे आहे?" तो चौदावा कॉलम आम्ही घातला, आणि खरं सांगायचं तर निर्णय त्यावरच झाला.

मग घ्यायचं कोणतं?

१९९७ मध्ये कॅन्ससमधल्या बर्न ह्या दोनेकशे वस्तीच्या गावात ऊर्जा खात्याने आणि मेटॅगने एक प्रयोग केला. १०३ घरांतली जुनी मशीन काढून नवी फ्रंट लोड बसवली आणि मोजमाप केलं. धुण्याचं पाणी सुमारे ३८ टक्क्यांनी आणि ऊर्जा सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झाली. पाण्यापेक्षा ऊर्जेची बचत मोठी, कारण गरम पाण्याच्या धुण्यात बहुतेक ऊर्जा पाणी तापवण्यातच जाते. त्यानंतर २००४ आणि २००७ मध्ये सरकारी नियम कडक झाले आणि कमी पाण्याची मशीन सगळीकडे आली. सुरुवातीच्या फ्रंट लोडरांच्या रबरी गॅस्केटला बुरशी धरायची, त्यावर कोर्टकज्जे झाले. टॉप लोडरही निर्दोष नाहीत. २०१६ मध्ये सॅमसंगने पिळताना झाकण उडण्याच्या धोक्यामुळे सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत बोलावली. न्यूटनचा मेटॅग कारखाना मात्र हे पाहायला राहिला नाही. व्हर्लपूलने २००६ मध्ये कंपनी घेतली आणि २००७ मध्ये तो बंद झाला.

माझा निष्कर्ष थोडक्यात असा. कपडे फार मळत नसतील, नाजूक कपडे बरेच असतील, वीज-पाणी वाचवायचं असेल तर फ्रंट लोड. ते जोरात पिळतं, म्हणून ड्रायरला कमी काम लागतं, आणि पुष्कळ वीज ड्रायरच खातो. दार धुणं झाल्यावर उघडं ठेवा, गॅस्केट पुसा, एचई साबण अगदी मोजून टाका. बुरशीचा त्रास पुष्कळ टळतो. वाकता येत नसेल, पटकन धुऊन हवं असेल तर टॉप लोड. साड्या असतील तर अ‍ॅजिटेटर नको. साडी जाळीच्या पिशवीत घालून फ्रंट लोडच्या डेलिकेट सायकलवर टाका. ड्रायरचा व्हेंट वर्षातून एकदा तरी साफ करा, साचलेल्या लिंटमुळे आगी लागतात. आणि ऊन असेल तर ऊन वापरा. आमच्या एचओएला समोरून दिसणारी दोरी चालत नाही, पण मागच्या पॅटिओवर घडीचा स्टँड कोणाला दिसत नाही. आई आली की तो कायम भरलेला असतो.

पण चौदाव्या कॉलममध्ये वेगळंच निघालं. खोल टबाच्या टॉप लोडरमध्ये तळाचा मोजा काढायला हात फक्त माझा पोचत होता. बायकोला टाचा उंच कराव्या लागत होत्या, आणि सात वर्षांच्या मुलीला तर आत काय आहे तेच दिसत नव्हतं. फ्रंट लोडर उंच पेडेस्टलवर ठेवला तर परत तेच. म्हणून आम्ही फ्रंट लोड घेतलं आणि पेडेस्टल न घेता थेट जमिनीवर बसवलं. दुकानदाराला वाटलं आम्ही पैसे वाचवतोय. आता मुलगी तिचे कपडे स्वतः आत टाकते, रंगीत-पांढरे वेगळे करते. गुडघे दुखणारी आई आली की समोर ठेंगण्या स्टुलावर बसून सावकाश कपडे काढते. घड्या घालायचं काम माझ्याकडे आहे, बुधवार आणि रविवार. परीटघडी म्हणता येईल अशा त्या नसतात, पण कपाटात मावतात.

तुमच्याकडे कोणतं मशीन आहे हे जरूर लिहा. त्यासोबत धुणं कोण धुतं हेही लिहा, म्हणजे ज्यांचं घर आत्ता होतंय त्यांना निवडायला खरी मदत होईल.